काळे जाकीट

हिमरेषा, हिमनदी, हिमवर्षाव हे शब्द मी कोल्हापुरातील एका शाळेत ३३ वर्षे शिकवले. प्रत्यक्ष बर्फ मात्र रसवंतीगृहातील लादीखेरीज कधी पाहिला नाही. त्यामुळे गेल्या जानेवारीत कॅनडातील नातवाने कॅल्गरीजवळच्या डोंगरउतारावरील आपले छायाचित्र पाठवले, तेव्हा मी ते बराच वेळ पाहत बसलो. डोळे दिपवणारी पांढरी उतरण, मागे बर्फाचा फवारा, आणि काळे जाकीट घातलेला आमचा नातू एका फळीवर उभा राहून खाली झेपावतो आहे. या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातांत काठ्या असतात; येथे दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, हात मोकळे, आणि अंग उताराच्या दिशेला आडवे. हा प्रकार अमेरिकेत १९६५ च्या सुमारास पोरांच्या खेळण्यातून पुढे आला आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला, ही माहिती मी मागाहून वाचली. भूगोलाच्या मास्तराला एवढी चौकशी केल्यावाचून राहवत नाही.

त्या छायाचित्रावरून चित्र काढायचे मी ठरवले, तेही टॅबलेटवर. माझ्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात दुबळा झाला आणि वाचा गेली. आता दोन-चार शब्द तेवढे उरले आहेत. तेव्हापासून घर सोडून फार वेळ बाहेर राहता येत नाही. जलरंग मांडून बसावे, तर तिने हाक मारताच उठावे लागते आणि ओला रंग आपल्यासाठी थांबत नाही. टॅबलेट मात्र जेथे ठेवला तेथेच थांबतो. रात्री तिला झोप लागल्यावर दिवा न लावताही काम करता येते, कारण पडदा स्वतःच उजळलेला असतो. डेव्हिड हॉकनी हा इंग्रज चित्रकार सत्तरी ओलांडल्यावर आधी फोनवर आणि २०१० पासून आयपॅडवर चित्रे काढू लागला. अंथरुणात पडल्या पडल्या खिडकीबाहेरची पहाट त्याने अशाच उजळ पडद्यावर रंगवली. हे वाचून मला धीर आला होता. हात थोडा थरथरत असेल तर रेघ स्थिर करण्याची सोय बहुतेक चित्रकलेच्या ॲपमध्ये असते, हेही येथे सांगून ठेवतो. टॅबलेट मांडीवर न ठेवता उतरत्या चौरंगावर ठेवावा, नाहीतर चित्र पूर्ण होते आणि मान धरते.

पंधरा दिवसांनी चित्र झाले. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताच अभिप्राय आले. ‘मस्त, आबा!’ ‘भारीच!’ आणि उभ्या अंगठ्यांची एक रांग. नातवाने ‘सेम टू सेम’ असे लिहिले. मला आनंद झाला, नाही असे नाही. पण संध्याकाळपर्यंत तो विरला. मुलांच्या वह्यांवर मीही आयुष्यभर ‘छान’ असा शेरा मारला आहे आणि तो केव्हा मारला जातो, ते मला ठाऊक आहे. वही पूर्ण वाचायला वेळ नसतो तेव्हा.

पत्नीला चित्र दाखवले, तेव्हा वेगळेच घडले. तिने डाव्या हाताचे बोट नातवाच्या जाकिटावर ठेवले आणि म्हणाली, ‘नाही.’ मी विचारले, ‘आवडले नाही का?’ तिने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मला उमगले नाही. पुन्हा बोट तेथेच, पुन्हा ‘नाही’. मी टॅबलेट बाजूला ठेवला आणि तिला पाणी दिले. दमली असेल, असे मनाशी म्हटले.

आता अभिप्राय देणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीविषयी. माझा एक बालमित्र पेंटर आहे. आमच्या गावात ‘पेंटर’ ही पदवीच असते. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री होते, हे आज किती जणांच्या ध्यानात आहे? माझ्या मित्राने चाळीस वर्षे सिनेमाचे फलक आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि त्याआधी तरुणपणी तालमीत माती अंगाला लावली. पत्नीच्या प्रकृतीची चौकशी करायला तो दर गुरुवारी येतो. त्याला चित्र दाखवले. त्याने ते हातभर लांब धरले, मग जवळ आणले, मग उलटे केले. चित्र उलटे धरून पाहणे ही जुन्या चित्रकारांची रीत आहे. त्यामुळे डोळ्याला ‘नातू’ दिसत नाही, नुसते आकार आणि त्यांचा तोल दिसतो.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘हे पोरगं बशीच्या थांब्यावर उभं हाय काय?’

मी काही बोललो नाही.

‘गुडघे ताठ हाईत ह्याचे. एवढ्या उतारावर ताठ गुडघ्यानं कोण उभं ऱ्हाईल? पडंल की. पवित्रा घेतल्याला पैलवान बघितला न्हाईस खासबागेत? अंग आडवं, गुडघे मोडल्याले, भार खाली. ह्या पोरानं पवित्रा घेतलाय. फोटोत दिसतंय, तुझ्या चित्रात न्हाई.’

मग त्याने मला उठवले आणि खाटेची दांडी धरून तसे उभे राहायला लावले. ७४ व्या वर्षी पवित्रा घेणे हे काही शोभादायक दृश्य नसते. परंतु गुडघे थोडे वाकवताच भार मांड्यांत उतरला, टाचा जमिनीला चिकटल्या आणि फळीवर उभ्या मुलाचा तोल कोठे असेल, ते मला अंगातून कळले. पत्नीच्या फिजिओथेरपिस्टने हाच व्यायाम मलाही सांगून ठेवला होता: ओट्याची कड किंवा भक्कम खुर्चीची पाठ धरून गुडघे अर्धवट वाकवायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. मांड्यांचे बळ टिकले तर पडण्याचा धोका कमी होतो. मी तो कधी केला नव्हता. आता रोज करतो, अर्थात काहीतरी धरूनच. गुडघेदुखी किंवा चक्कर असलेल्या वाचकांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

ॲपमध्ये आणखी एक सोय आहे. आपण काढलेली प्रत्येक रेघ तेथे नोंदलेली असते आणि संपूर्ण चित्र पहिल्यापासून भराभर उमटताना पाहता येते. मित्राला ही गोष्ट फार आवडली. दोनदा पाहून तो म्हणाला, ‘बर्फ काढताना तू भ्यालास. चेहरा पाच वेळा पुसलास आणि बर्फावर नुसता रंग थापत गेलास. पांढरा रंगवायचा नसतो मास्तर, भोवतालचं रंगवलं की पांढरा आपोआप उरतो.’ जलरंगातील हे जुने शहाणपण आहे. शाहू महाराजांच्या काळी रंकाळा आणि कोटितीर्थ रंगवणाऱ्या आबालाल रहिमानांपासून येथील चित्रकार पाण्यावरची चकाकी कागद कोरा सोडूनच साधत आले आहेत. पडद्यावर मात्र पांढरा रंग फुकट मिळतो आणि माणूस तो थापत सुटतो.

येथवर मी अभिप्राय ऐकत होतो, थोडा ओशाळत होतो आणि मनातून खूषही होतो. कोणीतरी चित्र खरोखर पाहिले होते. मग त्याने सहज विचारले, ‘आणि जाकीट निळं का केलंस? फोटोत तर काळं हाय.’

‘काळेच आहे,’ मी म्हणालो.

‘कुठलं काळं! शाळेच्या गणवेशागत गडद निळं हाय. आणि सावल्या बघ, नीळ सांडल्यागत.’

आम्ही दोघे हट्टी. आधी वाटले, पडद्याचा दोष असेल. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करणारी एक सोय टॅबलेटमध्ये असते. सुनेने ती चालू करून दिली होती. ती बंद केली. जाकीट मला काळेच दिसले. मग ॲपमधील रंग उचलणाऱ्या ड्रॉपरने तपासले. पडद्यावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा अशा तीन आकड्यांनी बनतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमध्ये असतो. काळ्या रंगात तिन्ही आकडे शून्याच्या जवळ हवेत. माझ्या जाकिटात तांबडा १५, हिरवा २० आणि निळा ७०. यंत्राने मित्राच्या बाजूने साक्ष दिली.

त्याच क्षणी मला पत्नीचे बोट आठवले. ‘नाही.’ ती तीन दिवस आधी हेच सांगत होती. तिची वाचा गेली आहे, नजर नव्हे. वाचाघात झालेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत; पण म्हणून त्याला दिसत नाही, कळत नाही किंवा मत नाही, असे नसते. तीन वर्षे तिची शुश्रूषा करूनही एका ‘नाही’मागे नेमके निरीक्षण असेल, हे माझ्या मनात आले नाही. अशा माणसाला प्रश्न विचारताना उत्तर बोटाने किंवा मानेने देता येईल असा प्रश्न विचारावा, एका वेळी एकच विचारावा आणि मग गप्प बसून थांबावे. हे मला स्पीच थेरपिस्टने सांगितले होते. मी ‘आवडले नाही का?’ असा घोटाळ्याचा प्रश्न केला. त्या प्रश्नाला मान हलवली, तर अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो.

मित्र गेल्यावर मी एकेक डोळा झाकून भिंत पाहिली. दोन्ही डोळ्यांना ती मळकट दिसली, उजव्याला अधिक. मोज्यांच्या खणात काळे आणि गडद निळे मोजे जोड्या मोडून एकत्र पडले होते. सून त्यावरून मला हसत असे आणि मीही हसत असे. मग मी उठलो आणि पत्नीच्या औषधांची डबी काढली.

आठवड्याच्या सात दिवसांची, सकाळ-रात्रीचे कप्पे असलेली ती डबी दर रविवारी मी भरतो. तिची सकाळची एक गोळी पांढरी आहे, रात्रीची एक फिकट पिवळी. आकार जवळजवळ सारखा. मी पाकिटातून गोळ्या काढून ताटलीत ठेवत असे आणि रंगावरून कप्प्यांत टाकत असे. त्या रात्री विजेरीच्या उजेडात भिंग घेऊन पाहिले, तर उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवसांच्या गोळ्या उलटसुलट पडल्या होत्या. आधीच्या आठवड्यांत किती वेळा असे झाले असेल, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. सकाळी उठताच तिच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी रक्तदाब तपासून घेतला, काही बिघडले नव्हते. त्या रात्री मात्र मी झोपलो नाही.

नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळे, मग तपकिरी होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हे इतक्या सावकाश घडते की मेंदू त्या पिवळेपणाला पांढरे मानून चालतो. म्हणून रोग्याला काही कमी झाले असे वाटत नाही. गडद निळा आणि काळा, पांढरा आणि फिकट पिवळा, हे भेद आधी बुजतात. सावलीत किंचित निळसर छटा दिसावी म्हणून मी निळा टाकत गेलो, टाकत गेलो, आणि माझ्या डोळ्याला ती जेमतेम जाणवू लागली तोवर इतरांच्या डोळ्यांना नीळ सांडलेली दिसत होती. दोन वर्षे मी डोळे तपासून घेतले नव्हते. पत्नीच्या तपासण्यांची तारीख चुकत नाही. स्वतःची मात्र राहून जाते. शुश्रूषा करणाऱ्या घरोघरच्या माणसांना हे सांगायला नकोच.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले. तो शस्त्रक्रियेला भ्याला आणि ११ वर्षे टाळत राहिला. त्या काळातील त्याची बागेची चित्रे तांबडी-तपकिरी होत गेली. रंग ओळखू येईनात, तेव्हा तो नळ्यांवरील नावे वाचून आणि पॅलेटवरील ठरलेल्या जागेवरून रंग घेई. १९२३ साली उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याला सारे जग अति निळे दिसू लागले आणि तो वैतागला. त्या काळी भिंग काढून टाकीत आणि जाड चष्मा देत. डोळ्यात नवे भिंग बसवण्याची कला अजून जन्मायची होती. मोनेचे भय मी समजू शकतो. आमच्या पिढीचे भय मला कमी समजते. ‘मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा’, ‘थंडीतच काढायचा’, हे अजूनही घरोघर ऐकू येते. दोन्ही समजुती जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातल्या. आज पिकण्याची वाट पाहण्याची गरज नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड होते. वाचन, जिना, वाहन, औषधे यांत अडचण येऊ लागली की डॉक्टरांशी बोलावे, ऋतू कोणताही असो. आणि डोळा अचानक दुखून लाल झाला किंवा नजर एकाएकी गेली, तर तो साधा मोतीबिंदू नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली. आधी रक्तातील साखर, रक्तदाब आणि बसवायच्या भिंगाचे मोजमाप; मग थेंबांनी डोळा बधिर करून काही मिनिटांचे काम, आणि त्याच दिवशी घरी. खरी अडचण दुसरीच होती. काही दिवस वजन उचलायचे नाही, वाकायचे नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. आणि पत्नीला उठवणे-बसवणे तर माझ्याकडे. धाकटी बहीण इचलकरंजीहून येऊन राहिली. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी ही व्यवस्था लावावी. तिच्यावाचून अनेक जण तारीख पुढे ढकलतात आणि घरात कोणाला कारण सांगत नाहीत.

पट्टी काढल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. दूध पांढरे होते. इतके पांढरे की मी बहिणीला बोलावून दाखवले. ती म्हणाली, ‘अरे दादा, दूध आहे ते.’ मग टॅबलेट उघडला. डाव्या डोळ्याने पाहिले, तर माझे जुने चित्र, काळे जाकीट, थंड शांत बर्फ. उजव्या डोळ्याने पाहिले, तर निळे जाकीट आणि सावल्यांत शाईचे डबके. एकच चित्र दोन डोळ्यांनी दोन वेळा पाहिले आणि मित्राची क्षमा मागायला फोन केला. तो म्हणाला, ‘गुडघ्याचं काय केलंस?’

औषधांची रीत बदलली आहे. डबी आता रंगावरून भरत नाही. गोळी पाकिटातच ठेवून नावासह कापतो, कप्प्यावर मोठ्या अक्षरांत नाव चिकटवले आहे आणि रविवारी डबी भरल्यावर सून ती पुन्हा तपासते. कंपनी बदलली की त्याच औषधाचा रंगही बदलतो, हे औषध दुकानदाराने सांगितले. म्हणजे नजर चांगली असली तरी रंगावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

घरातील वृद्ध माणूस काही रंगवत असेल, विणत असेल, लिहीत असेल, तर त्याला काय म्हणावे, असे या निमित्ताने मला दोन-तीन वाचकांनी विचारले. मित्राची रीत मला पसंत आहे. आधी वेळ देऊन पाहावे. एक गोष्ट बोटाने दाखवून सांगावी, दहा नव्हेत. आणि लेखणी त्याच्या हातातून घेऊ नये. माझ्या एका पुतण्याने ‘थांबा काका, मी करून देतो’ म्हणत दोन टिचक्यांत माझी सावली दुरुस्त केली होती. सावली सुधारली; चित्र आठवडाभर उघडले नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची गोष्ट निराळी. तेथे ‘हे काय काढले आहे?’ हा प्रश्न परीक्षेसारखा होतो. ‘मला याविषयी सांगा ना’ असे म्हणून शेजारी बसावे आणि गुडघे ताठ की वाकलेले, हे सोडून द्यावे. पण ज्याची बुद्धी शाबूत आहे, त्याला केवळ वय झाले म्हणून ‘छान’ वर बोळवू नये. त्याला ते कळते.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. दरम्यान चित्र पुन्हा काढले. जाकीट आकडे पाहून काळे केले, सावल्या हलक्या केल्या आणि बर्फ जेथे शक्य तेथे कोरा सोडला. परवा दुपारी पत्नीच्या उशाशी बसून तिला दाखवले. या वेळी प्रश्न नीट विचारला: ‘जाकीट बरोबर?’ तिने जाकिटावर बोट ठेवले आणि मान खाली हलवली. मी थांबून राहिलो. बोट सावकाश खाली सरकले, फळीच्या जरा वर येऊन थांबले.

‘नाही,’ ती म्हणाली.

डावा गुडघा अजून ताठच आहे. आज रात्री ती झोपल्यावर पुन्हा बसणार आहे.